पित्ताशयाचा कर्करोग : शोधाची वाट

आपल्या मराठीत 'पित्त' हा शब्द फार राबतो. सकाळी तोंडाला आंबट पाणी सुटले की पित्त, उपासानंतर डोके चढले की पित्त, अंगावर गांधी उठल्या की पित्त. आणि घरातला कर्ता पुरुष तापट असला तर त्याचेही पित्तच खवळते. एका शब्दाकडे इतकी कामे दिल्यामुळे एक अडचण होऊन बसली आहे. ज्या अवयवात खरेखुरे पित्त साठते त्या पित्ताशयाचे दुखणे आले, तरी ते घरात 'पित्त झालं असेल' याच सदराखाली जमा होते. मग आल्याचा रस, सुंठसाखर, सोडा, दुकानातली गोळी असे उपचार महिनोन्‌महिने चालतात. बहुतेक वेळा दुखणे खरोखरच साधे असते आणि काही बिघडत नाही. पण क्वचित एखाद्या वेळी त्या सदराखाली एक मोठा रोग लपलेला असतो. त्या रोगाविषयी, म्हणजे पित्ताशय आणि पित्तनलिका यांच्या कर्करोगाविषयी, संशोधक मंडळींनी आजवर काय शोधले, ते आज आपल्याला पाहायचे आहे.

मी डॉक्टर नव्हे. मी तर्कशास्त्र शिकवतो. त्यामुळे औषधांची मात्रा मी सांगणार नाही. परंतु एखाद्या गोष्टीचे कारण शोधायचे कसे, हा आमच्या शास्त्राचा नेहमीचा प्रश्न आहे, आणि या रोगाच्या संशोधनात तो प्रश्न पावलोपावली उभा राहतो.

प्रथम अवयवाची ओळख करून घेऊ. आपले यकृत दिवसाकाठी अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. उजव्या बरगड्यांखाली, यकृताच्या खालच्या अंगाला चिकटून, लहानशा पेरूच्या आकाराची एक पिशवी असते. तेच पित्ताशय. तीत तीस ते पन्नास मिलीलिटर पित्त घट्ट होऊन साठते. आपण तूपतेल खाल्ले की पिशवी आकुंचन पावते आणि पित्त नलिकेतून आतड्यात उतरते. या पिशवीची भिंत मोठी पातळ. आतड्याच्या भिंतीत जितके थर असतात तितके तिच्यात नसतात, आणि एका बाजूने तर ती यकृताला टेकलेलीच असते. त्यामुळे आत कर्करोगाचा अंकुर फुटला तर त्याला यकृतात शिरायला फारशी आडकाठी राहत नाही. शिवाय पिशवी आत खोल असल्यामुळे गाठ हाताला लागत नाही, आणि सुरुवातीला दुखतही नाही. म्हणून हा रोग पुष्कळदा पुढे गेलेल्या अवस्थेतच उघडकीला येतो. मॅक्सिमिलियन स्टॉल नावाच्या वैद्याने १७७७ साली त्याचे पहिले वर्णन केले. म्हणजे ओळख जवळजवळ अडीचशे वर्षांची आहे. पण त्याच्याशी झुंज खऱ्या अर्थाने सुरू झाली ती गेल्या काही दशकांतच.

आता पहिला प्रश्न असा, की हा रोग कोणाला होतो? हे सांगायचे तर आधी मोजदाद हवी. इथे महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. लोकसंख्येवर आधारलेली, म्हणजे एका ठराविक प्रदेशातील प्रत्येक कर्करोग्याची नोंद ठेवणारी, भारतातली पहिली नोंदवही १९६३ साली मुंबईत सुरू झाली. डॉ. जस्सावाला आणि इंडियन कॅन्सर सोसायटी यांनी तो उद्योग उभा केला. पण मुंबई झाली शहर. खेड्यात कोण मोजणार? १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला देशातली पहिली ग्रामीण नोंदवही निघाली. खेड्यातला रोगी आपण होऊन इस्पितळात येत नाही, हे ओळखून तिथल्या कार्यकर्त्यांनी उलटी वाट धरली. ते गावोगाव फिरले, चावडीवर बसले, रोगाच्या खुणा लोकांना समजावून सांगितल्या आणि संशयित माणसांना तपासणीला आणले. मोजता मोजता शिकवणे आणि शिकवता शिकवता मोजणे, अशी ती रीत होती.

अशा नोंदवह्या देशभर निघाल्या आणि त्यांतून एक चमत्कारिक नकाशा तयार झाला. पित्ताशयाचा कर्करोग आपल्या देशात सारखा पसरलेला नाही. दिल्ली, उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, आसाम या पट्ट्यात तो पुष्कळ आढळतो. आसामातल्या कामरूप जिल्ह्याच्या शहरी भागात तर स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण फार मोठे आहे. महाराष्ट्रात आणि दक्षिणेकडे तो त्या मानाने बराच कमी. आणि सगळीकडे पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक. जगाचा नकाशा पाहिला तर दक्षिण अमेरिकेतला चिली देश आणि अमेरिकेतल्या काही मूळनिवासी जमाती या रोगाने अशाच पोळलेल्या दिसतात.

नकाशा हातात आला म्हणजे कारण कळले असे नव्हे, बरं का! गंगेचे खोरे आणि कृष्णा-भीमेचे खोरे यांत फरक एक नाही, दहा आहेत. वंश वेगळा, खाणे वेगळे, पाणी वेगळे, मातीतली द्रव्ये वेगळी. यांतला दोषी कोण?

मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरमधील संशोधकांना या बाबतीत एक सोयीची गोष्ट मिळाली. टाटा रुग्णालय १९४१ साली उघडले तेव्हापासून तिथे देशाच्या कानाकोपऱ्यांतून रोगी येतात. उत्तरेत जन्मलेले, दक्षिणेत जन्मलेले, आणि जन्मभूमी सोडून मुंबईत स्थायिक झालेले, असे सगळे एकाच छपराखाली भेटतात. माणूस जन्मला कोठे आणि त्याला हा रोग होण्याचा संभव किती, यांचा पडताळा घेणारा त्यांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. उत्तर आणि ईशान्य भारतात जन्मलेल्यांना धोका अधिक, असे त्यातून दिसले.

हे ऐकून कोणी म्हणेल, 'मग हा रक्ताचाच दोष!' थांबा. जन्मभूमीबरोबर रक्त येते, तसेच लहानपणचे पाणी आणि ताटातले तेलही येते. म्हणून त्याच संस्थेने रक्ताचाही तपास केला. पित्ताशयाच्या कर्करोगाचे एक हजाराहून अधिक रोगी आणि दीड हजाराहून अधिक निरोगी माणसे यांची जनुके आडवी-उभी पडताळून पाहिली. २०१७ साली जाहीर झालेल्या या अभ्यासात सातव्या गुणसूत्रावरच्या दोन शेजारी जनुकांकडे बोट दाखवले गेले. यकृताच्या पेशींतून मेदद्रव्ये आणि इतर पदार्थ पित्तात पोचवण्याच्या कामाशी ही जनुके संबंधित आहेत. म्हणजे तर्काला धरूनच झाले. पित्ताची घडण बदलली तर पित्ताच्या पिशवीला त्रास व्हायचा. परंतु या जनुकभेदांनी धोका थोडासाच वाढतो. ती लहानशी ठिणगी आहे. जळण दुसरीकडून यावे लागते.

ते जळण कोणते? मोहरीच्या तेलावर बरेच दिवस संशय आहे. उत्तरेत स्वयंपाक त्या तेलात होतो, आपल्याकडे शेंगदाण्याच्या, करडईच्या तेलात होत आला. टाटा सेंटरच्या २०२० सालच्या अभ्यासात मोहरीच्या तेलाचा जास्त वापर आणि हा रोग यांचा संबंध दिसून आला. मात्र संबंध दिसणे आणि कारण सिद्ध होणे यांत अंतर असते. दोष तेलाचा, की त्यातल्या भेसळीचा, की वारंवार तापवण्याचा, हे वेगवेगळे करून दाखवावे लागेल. तोवर न्यायाधीशाच्या भाषेत आरोपी संशयित आहे, दोषी नव्हे.

पित्ताशयातल्या खड्यांवरचा आरोप मात्र जुना आणि बळकट आहे. या कर्करोगाच्या बहुसंख्य रोग्यांच्या पित्ताशयात खडे सापडतात. खडे वर्षानुवर्षे भिंतीवर घासतात, सूज राहते, आणि सुजलेल्या ठिकाणच्या पेशी पुन्हापुन्हा नव्या होता होता बिघडतात, असे समजले जाते. पण इथे तर्कशास्त्रातली एक नेहमीची गफलत टाळली पाहिजे. बहुतेक रोग्यांना खडे असतात याचा अर्थ खडे असलेल्या बहुतेकांना रोग होतो, असा मुळीच नाही. आळंदीला आलेले बहुतेक वारकरी माळ घालतात. म्हणून माळ घातलेला प्रत्येक जण आळंदीलाच निघाला आहे असे आपण म्हणतो का? खडे असलेल्या माणसांपैकी फारच थोड्यांना पुढे कर्करोग होतो. म्हणून त्रास न देणारा खडा सोनोग्राफीत दिसला की धावत जाऊन पिशवी काढून घ्यावी, असे सरसकट कोणी सांगत नाही. चिलीत मात्र परिस्थिती निराळी. तिथे रोगच इतका की २००६ सालापासून पस्तीस ते एकोणपन्नास वयाच्या, खड्यांचा त्रास असलेल्या लोकांचे पित्ताशय प्रतिबंधासाठी काढण्याची हमी सरकारने घेतली. ज्या देशी जसा धोका, तसा तिथला निर्णय.

आता आमच्या आळंदीजवळ येऊ. आमच्या गावाचे जीवन इंद्रायणीच्या पाण्याशी बांधलेले आहे. कार्तिकीला लाखो माणसे येतात, स्नान करतात, तीर्थ म्हणून ओंजळभर पाणी तोंडात घालतात. आणि गेल्या काही वर्षांत याच नदीवर पांढरा फेस तरंगताना सर्वांनी पाहिला आहे. लोक विचारतात, 'या फेसानं कॅन्सर होतो का हो?' त्या फेसाचा आणि पित्ताशयाच्या कर्करोगाचा संबंध कोणी दाखवून दिलेला नाही, आणि भीतीपोटी तो जोडणे बरोबर नाही. परंतु पाण्याचा आणि या रोगाचा एक संबंध मात्र संशोधनाने दाखवला आहे. फेस डोळ्यांना दिसतो. हा संबंध दिसत नाही. तो मुदतीच्या तापातून जातो.

मुदतीचा ताप, म्हणजेच विषमज्वर, घाणीने दूषित झालेल्या पाण्यातून आणि अन्नातून येतो. बहुतेकांचा ताप उतरतो आणि जंतू नाहीसे होतात. पण काही थोड्या लोकांच्या पित्ताशयात ते जंतू ठाण मांडून बसतात. खडे असले तर खड्यांवर चिकट साय धरावी तसा थर धरून राहतात. माणूस ठणठणीत दिसतो, पण त्याच्या विष्ठेतून जंतू पडत राहतात. अशा माणसाला वाहक म्हणतात. अमेरिकेतली मेरी मॅलन ही स्वयंपाकीण अशा वाहकांत सर्वांत प्रसिद्ध. १९०७ साली न्यूयॉर्कमध्ये ती सापडली. ती ज्या ज्या घरी स्वयंपाक करी त्या घरी ताप येई, पण तिला स्वतःला काहीच होत नसे. पित्ताशय काढून टाकण्याचा सल्ला तिने मानला नाही, आणि आयुष्यातली पुष्कळ वर्षे एका बेटावर सक्तीच्या एकांतात काढून १९३८ साली ती वारली.

अशा वाहकांना पित्ताशयाचा कर्करोग अधिक होतो का? याचा निवाडा करणारा एक सुरेख अभ्यास १९९४ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला. १९६४ साली स्कॉटलंडातल्या ॲबर्डीन शहरात विषमज्वराची मोठी साथ आली होती. कारण काय, तर अर्जेंटिनाहून आलेला मांसाचा डबा; आणि तो डबा कारखान्यात गार करण्यासाठी नदीचे कच्चे पाणी वापरले होते, असे मानले गेले. एका खंडातल्या नदीचे पाणी दुसऱ्या खंडातल्या चारशेहून अधिक माणसांना ताप देऊन गेले! संशोधकांनी दोन गट घेतले. एका गटात ८३ जुने वाहक. दुसऱ्या गटात ॲबर्डीनच्या साथीत ताप येऊन बरी झालेली ३८६ माणसे. वाहकांमध्ये पित्ताशयाच्या कर्करोगाचे मृत्यू अपेक्षेच्या कितीतरी पटींनी अधिक निघाले. ताप येऊन बऱ्या झालेल्यांत तसे काही आढळले नाही. आपल्या जुन्या न्यायशास्त्रात ज्याला अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात, ती ही रीत. जंतू दोघांच्याही पोटात गेले; फरक एवढाच की एकाकडे ते राहिले आणि दुसऱ्याकडून गेले. तेव्हा संशयाचा रोख येऊन गेलेल्या तापावर नसून मुक्काम ठोकलेल्या जंतूवर आहे. भारतातल्या अभ्यासांतही वाहकपण आणि हा रोग यांचा संबंध दिसला आहे.

यातून आपल्याला करता येण्यासारखे काय निघते? पहिली गोष्ट पाणी. यात्रेत टँकरचे असो, नळाचे असो, पाण्यात क्लोरीन आहे की नाही याची विचारणा करणे हा वारकऱ्याचा हक्क आहे आणि नगरपरिषदेचे ते कर्तव्य आहे. ओंजळीतले तीर्थ डोक्याला, डोळ्यांना लावले तरी भक्ती उणी होत नाही. प्यायला मात्र शुद्ध केलेलेच पाणी घ्यावे. दुसरी गोष्ट स्वयंपाक. अन्नछत्रात, धर्मशाळेत, दिंडीच्या पंगतीत जो वाढपी आहे, आचारी आहे, त्याने शौचाहून आल्यावर साबणाने हात धुणे ही हजारो माणसांची सेवा आहे. तिसरी गोष्ट लस. विषमज्वरावरची नवी संयुक्त लस लहान मुलांना देता येते. २०१८ साली नवी मुंबई महानगरपालिकेने ती सार्वजनिक मोहिमेत मुलांना टोचली. सरकारी यंत्रणेमार्फत अशी मोहीम करणारे ते पहिले शहर, आणि तेही आपल्या महाराष्ट्रातले. ताप टळला की वाहकपण टळते, आणि वाहकपण टळले की पुढचा धोकाही टळतो.

आळंदीच्या एका अंगाला मंदिर, तर दुसऱ्या अंगाला कारखाने. भोसरी, पिंपरी, चाकण हा सारा यंत्रांचा मुलूख आहे. उत्तर प्रदेशातून, बिहारातून आलेले हजारो कामगार या पट्ट्यात खोल्या घेऊन राहतात. म्हणजे रोगाच्या नकाशावरचे दोन वेगळे प्रांत इथे एका चाळीत शेजारी झाले आहेत. इथल्या डॉक्टरांनी 'हा रोग आपल्याकडचा नव्हे' असे म्हणून चालणार नाही.

आणि कारखान्यांच्या संदर्भात जपानमधली एक हकीकत प्रत्येक कामगाराने ऐकावी अशी आहे. ओसाका शहरात एक लहानसा छापखाना होता. रंगीत छपाईचे नमुने काढताना यंत्रावरची शाई वारंवार पुसावी लागे, आणि ती पुसायला एक द्रावक वापरीत. त्याचे नाव डायक्लोरोप्रोपेन. खोलीत हवा नीट खेळत नसे. तिथले तरुण कामगार एकामागून एक पित्तनलिकेच्या कर्करोगाने आजारी पडू लागले. हा रोग एरवी म्हाताऱ्या माणसांचा. शिंजी कुमागाई नावाच्या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजेरीपट धुंडाळले. १९९१ ते २००६ या काळात वर्षभर किंवा अधिक काम केलेल्या ६२ पुरुषांपैकी ११ जणांना हा रोग झालेला आढळला, आणि रोग कळला तेव्हा त्यांची वये पंचवीस ते पंचेचाळीस होती. पुढे हा आकडा वाढला. २०१३ साली जपान सरकारने हा कामातून आलेला रोग म्हणून मान्य केला. २०१४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्या द्रावकाला माणसात कर्करोग करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या वर्गात बसवले.

यात शिकण्यासारखे असे की शोधाची सुरुवात मोठ्या प्रयोगशाळेत झाली नाही. एकाच ठिकाणी काम करणाऱ्या माणसांना एकच दुर्मीळ रोग का होतो, एवढ्या साध्या प्रश्नापासून ती झाली. आपल्याकडेही सुटे भाग पुसायला, वंगण काढायला, रंग उतरवायला निरनिराळी द्रावके वापरतात. त्यातली सगळी घातक आहेत असे नाही. पण डब्यावर नाव काय आहे, त्याची सुरक्षेची माहिती कोठे लावली आहे, खोलीत वारा येतो का, हातमोजे मिळतात का, हे विचारायला लाजू नये. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात कामगाराला कामातील धोक्यांची माहिती मिळण्याचा हक्क घालण्यात आला तो काही उगीच नव्हे. आणि डॉक्टरांनीही रोग्याला नाव, गाव, वय विचारताना आणखी एक प्रश्न जोडावा : 'काम काय करता?'

कारणांचा शोध असा चालू असताना उपचारांचा शोध थांबलेला नाही. पित्ताशय शस्त्रक्रियेने काढून टाकण्याचा पहिला प्रयोग १८८२ साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी केला. भारतात दुर्बिणीतून ही शस्त्रक्रिया प्रथम केली ती डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, १९९० साली. आज ही शस्त्रक्रिया तालुक्याच्या गावीही होते. आणि इथेच एक बारीकशी पण जीवनमरणाची गोष्ट सांगायची आहे.

खड्यांसाठी काढलेल्या पित्ताशयांत क्वचित, शंभरात एखाद्यात किंवा त्याहूनही कमी, कोणाच्या ध्यानीमनी नसताना कर्करोग सापडतो. डोळ्यांना तो पुष्कळदा दिसतच नाही; सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. रोग भिंतीच्या अगदी वरच्या थरात असेल तर झालेली शस्त्रक्रियाच पुरेशी ठरते. थोडा खोल गेला असेल तर दुसरी, मोठी शस्त्रक्रिया करून यकृताचा लगतचा भाग आणि आसपासच्या लसिकाग्रंथी काढतात, आणि रोगी बरा होण्याची चांगली आशा असते. पण काढलेली पिशवी जर बादलीत टाकून दिली, किंवा खडे पुडीत बांधून नातेवाइकांच्या हाती ठेवले आणि पिशवीचा विचारच झाला नाही, तर ही संधी कायमची गेली. सात-आठ महिन्यांनी कावीळ होऊन माणूस परत येतो तेव्हा हातात फारसे काही उरलेले नसते. म्हणून, श्रोतेहो, घरात कोणाचेही पित्ताशय काढले तर दोन गोष्टी मागून घ्या : पिशवी तपासणीला पाठवा असे सांगा, आणि तपासणीचा कागद स्वतः जाऊन आणा, डॉक्टरांना दाखवा, आणि जपून ठेवा. या तपासणीला खर्च थोडा, पण तिचे मोल फार.

रोग पुढे गेलेला असेल तर औषधे द्यावी लागतात. त्यांचा उपयोग होतो का, यावर एके काळी पुष्कळांचा विश्वास नव्हता. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने २०१० साली एक चाचणी प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेपलीकडे गेलेले पित्ताशयाच्या कर्करोगाचे ८१ रोगी तीन गटांत वाटले. एका गटाला केवळ त्रास कमी करणारे उपचार, दुसऱ्याला जुने औषध, तिसऱ्याला दोन नव्या औषधांची जोडी. पहिल्या दोन गटांत निम्मे रोगी साडेचार महिन्यांच्या आसपास दगावले. तिसऱ्या गटात ही मर्यादा साडेनऊ महिन्यांवर गेली. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या ४१० रोग्यांच्या चाचणीतही जोडऔषधांनी ही मर्यादा आठ महिन्यांवरून पावणेबारा महिन्यांच्या जवळ नेली. २०२२ साली शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला जागे करणारे औषध या जोडीत घातले, तेव्हा सरासरी लाभ आणखी थोडा वाढला, आणि काही थोडे रोगी पुष्कळ जास्त काळ जगले. आता गाठीतल्या जनुकांची तपासणी करून, ज्याच्या गाठीत अमुक बिघाड आहे त्याला अमुक औषध, अशीही वाट निघाली आहे.

तीन-चार महिन्यांचा लाभ ऐकून कोणी म्हणेल, 'एवढ्यासाठी एवढा खटाटोप?' मुलीचे लग्न तीन महिन्यांवर आलेल्या बापाला हा प्रश्न विचारून पाहावा. शिवाय विज्ञान असेच पायरीपायरीने चढते. आजची तीन महिन्यांची पायरी नसेल तर उद्याची तीन वर्षांची पायरी कोठे टेकवायची?

मात्र एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. परदेशातल्या मोठ्या चाचण्यांत पित्तनलिकेच्या कर्करोगाचे रोगी अधिक आणि पित्ताशयाच्या कर्करोगाचे कमी असतात, कारण त्यांच्याकडे हा रोग कमीच. त्या निष्कर्षांवर आपण सर्वस्वी विसंबणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा घालणे. म्हणूनच टाटा रुग्णालयाने शस्त्रक्रियेआधी नुसती औषधे द्यावीत की औषधांबरोबर किरणोपचारही द्यावेत, हा प्रश्न घेऊन पित्ताशयाच्याच रोग्यांवर चाचणी हाती घेतली, हे महत्त्वाचे आहे. ज्याच्या घरी दुखणे, त्यानेच औषध शोधायला बसले पाहिजे.

शेवटी काविळीविषयी. आपल्या भागात कावीळ झाली की ती 'उतरवून' आणण्याची चाल आहे. कोणी गळ्यात काड्यांची माळ घालतात; काड्या वाळून आकसतात, दोरा सैल होतो, माळ लांबते, आणि कावीळ उतरते आहे असे वाटते. कोणी चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पिवळे पाणी दाखवतात. लोक यावर विश्वास ठेवतात याचे कारण ते अडाणी आहेत असे नव्हे. दूषित पाण्यातून येणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. माळ घातली, कावीळ गेली. मग श्रेय माळेला. डोळ्यांनी पाहिलेला अनुभव आहे, निष्कर्ष तेवढा चुकलेला आहे.

पण सर्व काविळी एक नव्हेत. पित्तनलिकेच्या वाटेत गाठ किंवा खडा अडकला की पित्त आतड्यात उतरत नाही, उलटे रक्तात शिरते. त्या काविळीच्या खुणा अशा : लघवी गडद होते, शौचाचा रंग मात्र उडून मातीसारखा फिका होतो; अंगाला रात्रंदिवस खाज सुटते; आणि पिवळेपणा कमी न होता आठवड्यामागून आठवडा वाढतच जातो. पुष्कळदा पोटात दुखत नाही, ताप नसतो, म्हणून माणूस गाफील राहतो. या खुणा दिसल्या तर माळेची वाट पाहू नये. उजव्या बरगडीखाली वारंवार दुखणे, अन्नावरची वासना जाणे, वजन घटणे, यांनाही नुसते 'पित्त' म्हणून सोडू नये. पोटाची सोनोग्राफी ही न टोचता, न कापता होणारी तपासणी आहे आणि सार्वजनिक रुग्णालयांत ती मिळते. गरोदर बाईला कावीळ झाली तर मात्र ती कोणतीही असो, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कारण पाण्यातून येणारी एक कावीळ गरोदरपणी जिवावर बेतते.

आमच्या घरांतल्या बायका आपले दुखणे सांगत नाहीत, हेही इथे बोलले पाहिजे. हा रोग स्त्रियांना अधिक होतो आणि त्याचे दुखणे 'पित्ताचे' म्हणून सर्वांत जास्त गिळतात त्याही स्त्रियाच. सासूने, नवऱ्याने, मुलाने विचारायला हवे. आणि नुसते विचारून न थांबता बरोबर जायला हवे.

नोंदवही लिहिणारा कारकून, जनुके पडताळणारा शास्त्रज्ञ, हजेरीपट धुंडाळणारा तपासनीस आणि काढलेली पिशवी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवणारा डॉक्टर, या सगळ्यांनी मिळून या रोगाचा निम्मा-अधिक पत्ता लावला आहे. त्यांचा शोध आपल्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोचला आहे. तो आत घेणे हे आता आपले काम आहे.